नोंदी कोणी उडवल्या?

डॉक्टरांनी मला प्रश्न विचारलाच नव्हता, थेट निकाल सांगितला होता. "मॅडम, टिटवाळ्याच्या सेंटरवर नोंदी उडवल्या जातायत. रोख घ्यायची, पावती द्यायची आणि मागून एंट्री डिलीट करायची. कोण करतंय ते जवळपास ठाऊक आहे. तुम्ही फक्त पुरावा काढून द्या."

कल्याण पश्चिमेला त्यांची पॅथॉलॉजी लॅब आहे. नाव सांगत नाही. कसाऱ्याच्या बाजूला शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि कर्जतच्या बाजूला उल्हासनगर, बदलापूर अशी रक्त घेण्याची छोटी केंद्रं. सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर बसलेली असतात. नळीवर बारकोडची चिठ्ठी लागते, काउंटरवरची मुलगी मोबाइलने ती स्कॅन करते आणि नोंद कल्याणच्या सर्व्हरवर जाते. मग एक मुलगा बर्फाच्या डब्यात नळ्या घालून लोकलने लॅबमध्ये आणतो. मी डेटाबेस सांभाळायचं काम करते. पूर्वी ऐरोलीला कंपनीत करायची, आता कल्याणातच स्वतःचं करते. क्लास, दवाखाने, पतपेढ्या, ट्रान्सपोर्टवाले यांची असली दुखणी माझ्याकडे येतात. पण 'चोर पकडून द्या' अशी मागणी क्वचितच.

डॉक्टरांकडे दोन पुरावे होते. पहिला नमुन्यांच्या आतल्या अनुक्रमांकाचा. तो सलग चालत नव्हता, उड्या मारत होता. एका नोंदीनंतरची दुसरी एकदम वीस-तीस आकडे पुढे. "मधल्या गेल्या कुठे?" हा प्रश्न त्यांच्या हिशेबनिसांनी काढला होता आणि प्रश्न रास्त होता. दुसरा पुरावा सॉफ्टवेअर बघणाऱ्या पोराने काढलेल्या स्क्रीनशॉटचा. नमुन्यांच्या टेबलासमोर 'डेड' ओळींचा आकडा होता, हजारोंच्या घरातला. आणि हे टेबल असं, की त्यात फक्त भर पडते. नळी आली, ओळ आली. पुढचे सगळे बदल दुसऱ्या टेबलात होतात. मग मेलेल्या ओळी आल्या कुठून? वर आणखी एक गंमत. हा आकडा काही दिवस चढायचा आणि मग एखाद्या रात्री आपोआप शून्याजवळ यायचा. म्हणजे, डॉक्टरांच्या मते, कोणीतरी पुरावाही साफ करत होतं.

डोकं लढवून केलेला तर्क होता आणि तो सपशेल चुकीचा होता. टिटवाळ्याच्या त्या मुलीची नोकरी मात्र त्यावरच अडकली होती.

यांचा डेटाबेस पोस्टग्रेस. त्यात मेलेली ओळ म्हणजे काय, ते सांगण्यासाठी मला जुन्या सातबाऱ्यापेक्षा बरं उदाहरण सापडलेलं नाही. मुरबाड, शहापूरकडे ज्यांची थोडी जमीन आहे त्यांना हे लगेच कळतं. आजोबा गेले, वारसांची नावं लागली, तरी आजोबांचं नाव खोडरबराने पुसत नसत. फेरफार व्हायचा, जुन्या नावाला कंस पडायचा, नवी नावं खाली यायची. उतारा वाचणारा कंसातली नावं ओलांडून पुढे जायचा, पण कागदावरची जागा त्यांनी अडवलेली असायची. पोस्टग्रेसही असंच करतं. ओळ बदलली की जुनी ओळ तिथेच राहते आणि बदललेली संपूर्ण ओळ नव्याने दुसरीकडे लिहिली जाते. ओळ डिलीट केली तर तिच्यावर फक्त कंस पडतो. हा कंस म्हणजे प्रत्येक ओळीच्या डोक्यावर लिहिलेले दोन आकडे. एक्समिन, म्हणजे कोणत्या व्यवहाराने ही ओळ जन्माला घातली. आणि एक्समॅक्स, म्हणजे कोणत्या व्यवहाराने ती संपवली. जिवंत ओळीचा एक्समॅक्स साधारणतः शून्य असतो.

हे सगळं कशासाठी, तर कोणी कोणाची वाट अडवू नये म्हणून. डॉक्टर महिन्याचा अहवाल काढत बसलेले असताना काउंटरवर नव्या नोंदी चालूच असतात. अहवाल सुरू झाला तेव्हा जे चित्र होतं तेच डॉक्टरांना शेवटपर्यंत दिसलं पाहिजे, आणि काउंटरही थांबता कामा नये. जुनी ओळ जागेवर ठेवली की दोघांचंही भागतं. ओरॅकल आणि मायएसक्यूएल हेच काम वेगळ्या रीतीने करतात; टेबलात नवी ओळ ठेवतात आणि जुनं रूप बाजूच्या 'अनडू' जागेत ढकलतात. त्यांची दुखणी वेगळी, ती पुन्हा कधी.

पोस्टग्रेसची ही सवय जन्मापासूनची आहे. १९८६ साली अमेरिकेत बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा जुन्या ओळी ही अडगळ नव्हतीच, तो माल होता. मागच्या तारखेला टेबल कसं होतं हे कधीही विचारता यावं, अशी त्यांची कल्पना होती. 'व्हॅक्यूम क्लीनर' नावाचा एक कामगार मागाहून फिरणार आणि जुन्या ओळी उचलून एकदाच लिहिता येणाऱ्या ऑप्टिकल डिस्कवर नेऊन ठेवणार. पुढे ती मागे जाऊन बघण्याची सोय काढून टाकली गेली. कामगार तेवढा राहिला, नावासकट, आणि गोदामात माल नेण्याऐवजी झाडलोट करू लागला. १९९९ च्या ६.५ आवृत्तीत वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना न अडवण्याची आजची पद्धत आली. २००२ च्या ७.२ मध्ये टेबल बंद न ठेवता झाडलोट करता येऊ लागली. २००५ च्या ८.१ मध्ये ती आपोआप करणारा ऑटोव्हॅक्यूम मुख्य पोस्टग्रेसमध्ये आला आणि २००८ च्या ८.३ पासून तो मुळातच चालू अवस्थेत मिळू लागला. डॉक्टरांचा 'पुरावा साफ करणारा' तो हाच. दर मिनिटाला उठून बघतो. टेबलात मेलेल्या ओळी पन्नास अधिक एकूण ओळींच्या वीस टक्के एवढ्या झाल्या की झाडू मारतो. मुळात बसवलेलं प्रमाण हे असं आहे. एक कोटी ओळींचं टेबल असेल तर वीस लाख मरेपर्यंत तो हलणार नाही, म्हणून मोठ्या टेबलांसाठी हा आकडा मी नेहमी खाली आणते. डॉक्टरांच्या लॅबमध्ये त्या सॉफ्टवेअरवाल्या पोराने या टेबलासाठी तो आधीच बराच खाली आणून ठेवला होता. शहाणा मुलगा. स्क्रीनशॉट मात्र नीट न वाचता पाठवला.

कारण त्याच तक्त्यात, डेड ओळींच्या शेजारी, तीन आकडे आणखी असतात: आजवर किती ओळी घातल्या, किती बदलल्या आणि किती डिलीट केल्या. नमुन्यांच्या टेबलात तिसरा आकडा शून्य होता. एकही डिलीट नाही. हे आकडे मध्ये कधी पुसून नव्याने मोजायला घेतले होते का, तेही बघितलं, घेतले नव्हते. इथेच खरं तर निकाल लागला होता, पण संशय एकदा बसला की शून्यावर माणसाचा विश्वास बसत नाही. "तो आकडाही कोणी शून्य केला नसेल कशावरून?" हिशेबनिसांनी विचारलं.

दुसरा आकडा, बदललेल्या ओळींचा, तोही शून्य. पहिला मात्र बोलका होता. घातलेल्या ओळींची संख्या टेबलात प्रत्यक्ष असलेल्या ओळींपेक्षा कितीतरी जास्त. घातल्या जास्त, आहेत कमी, डिलीट एकही नाही. याचा अर्थ एकच: ओळी घालायचे प्रयत्न झाले आणि ते रद्द झाले. पोस्टग्रेस हा आकडा मोजताना प्रयत्न मोजतं; व्यवहार शेवटी पक्का झाला की फसला याची तिथे फिकीर नसते.

आता आतलं बघू. टेबलात बारकोडवर 'दोनदा चालणार नाही' अशी अट घातलेली होती, जी असायलाच हवी. पण अट तपासली जाते कधी? नवी ओळ आधी टेबलाच्या पानावर लिहिली जाते आणि मग तिची नोंद अनुक्रमणिकेत, म्हणजे इंडेक्समध्ये, करायला जातात. तिथे कळतं की हा बारकोड आधीच आहे. मग व्यवहार रद्द होतो, 'ड्युप्लिकेट की' असा एरर परत जातो. पानावर लिहिलेली ओळ मात्र कोणी उचलत नाही. ती जन्मतःच मेलेली असते. कोणत्याही क्वेरीला, कोणत्याही अहवालात, एक क्षणही दिसलेली नसते. आणि अनुक्रमांक? तो वाटणारा यंत्रासारखा आकडे देत सुटतो, दिलेला आकडा परत घेत नाही. घेऊ लागला तर प्रत्येकाला आधीच्याचा व्यवहार संपेपर्यंत रांगेत थांबावं लागेल. म्हणून फसलेल्या प्रत्येक प्रयत्नामागे एक आकडा वाया जातो. डॉक्टरांचे दोन्ही पुरावे एकाच कारणातून आले होते.

हिशेबनिसांची तरीही खात्री पटेना, तेव्हा मी पान उघडून दाखवलं. पोस्टग्रेस टेबल आठ किलोबाइटच्या पानांत ठेवतं, आणि 'पेजइन्स्पेक्ट' नावाचं एक जोडसाधन आहे, ते एखादं पान जसंच्या तसं, मेलेल्या ओळींसकट, समोर मांडतं. ऑटोव्हॅक्यूम यायच्या आत ते करावं लागतं, म्हणून त्या टेबलापुरता तो थोडा वेळ बंद ठेवला. शेवटची काही पानं काढली. एकाखाली एक तोच बारकोड, पुन्हा तोच, पुन्हा तोच, मध्ये दुसरा, पुन्हा पहिला. प्रत्येकाचा एक्समिन वेगळा, कारण प्रत्येक प्रयत्न वेगळा व्यवहार. आणि एक्समॅक्सच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्य. कोणी ओळ डिलीट केली असती तर डिलीट करणाऱ्या व्यवहाराचा आकडा तिथे दिसला असता. हिशेबनीस चष्मा वर सरकवून बराच वेळ तो रकाना बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे मारणारा कोणी नाहीच."

पण एकच बारकोड इतक्यांदा कोण पाठवत होतं, हा प्रश्न उरलाच. मी टिटवाळ्याला गेले. सेंटर तळमजल्यावर, मागच्या खोलीत रक्त घेतात आणि मोबाइलची रेंज त्याच खोलीत बसते. काउंटरवरच्या मुलीला आपल्यावर काय बालंट आलंय याचा पत्ता नव्हता, किंवा असला तरी तिने दाखवलं नाही. "ताई, नेट गेलं की हा लाल येतो," तिने फोन पुढे केला. "मग तो आपला आपणच पाठवत बसतो. दुपारी गरम होतो फोन."

घडत होतं ते असं. नोंद सर्व्हरवर पोचायची, पक्की व्हायची. 'मिळालं' हे उत्तर परत येताना मात्र रेंज गेलेली असायची. अॅपच्या लेखी नोंद गेलीच नाही, म्हणून ते पुन्हा पाठवायचं. आता सर्व्हर म्हणणार, हा बारकोड आहे माझ्याकडे, एरर. अॅप लिहिणाऱ्याने ठरवलेलं होतं की कोणताही एरर म्हणजे अपयश, आणि अपयश म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न. सकाळी रेंजविना अडकलेली एक नळी संध्याकाळी अॅप बंद होईपर्यंत सर्व्हरचं दार ठोठावत राहायची. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये यातला प्रत्येक ठोका एरर म्हणून वेळेसकट लिहिलेला होता. कोणी उघडून बघितला नव्हता, इतकंच.

उपाय दोन ओळींचा निघाला. २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ९.५ आवृत्तीपासून पोस्टग्रेसला सांगता येतं की असा बारकोड आधीच असेल तर गप्प बस, काही करू नकोस. तेव्हा ते ओळ लिहायच्या आधीच इंडेक्स बघून घेतं, त्यामुळे मेलेली ओळ सहसा पडतच नाही. आणि सर्व्हरने अशा वेळी अॅपला एरर न देता 'मिळालं' असंच उत्तर द्यायचं. अनुक्रमांकातले खड्डे मात्र यानंतरही अधूनमधून पडणार. पावत्यांचे आकडे हिशेबासाठी सलगच हवे असतील तर त्यांची सोय वेगळी करावी लागते, आतल्या अनुक्रमांकावर हिशेब तपासू नये; हे मी डॉक्टरांना लेखी दिलं.

इथवर पहिल्या टेबलाचं झालं. आत शिरल्यावर दुसरंही एक दुखणं दिसलं, जे मुळात डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं, कारण ते त्यांना सर्व्हर जुना झाल्याचं लक्षण वाटत होतं. संध्याकाळी रिपोर्ट घ्यायला गर्दी होते त्या वेळी 'आज बाकी असलेले नमुने' ही यादी उघडायला स्क्रीन घुटमळायची. ही यादी स्थितीच्या टेबलावरून येते. नमुना घेतला, निघाला, पोचला, मशीनवर लागला, तपासून झाला, रिपोर्ट छापला. सहा टप्प्यांची एक ओळ, म्हणजे एका नळीमागे पाच मेलेली रूपं. इथे मेलेल्या ओळी असणं स्वाभाविकच आहे. अस्वाभाविक हे होतं की ऑटोव्हॅक्यूम नेमाने येत होता, झाडू मारत होता आणि ओळी जशाच्या तशा पडून होत्या. त्याच्या लॉगमध्ये तो स्वतःच तक्रार करत होता: मेलेल्या आहेत, पण अजून काढता येत नाहीत.

असं वाक्य दिसलं की झाडणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नसतो. बघायचं ते हे, की कोणाचा व्यवहार उघडा पडलाय. एखादा व्यवहार चालू असेल तर त्याच्या सुरुवातीनंतर मेलेली कोणतीही ओळ पोस्टग्रेस हलवत नाही, न जाणो त्याला ती बघायची असेल. तो व्यवहार त्या टेबलाशी संबंधित असलाच पाहिजे असंही नाही. त्याच डेटाबेसमध्ये कुठेही असला तरी सगळ्या टेबलांची झाडलोट तिथेच अडते. चालू जोडण्यांची यादी काढली आणि त्यात एक सापडली: स्थिती 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', सुरुवात मागच्या आठवड्यातली. कोणीतरी थेट डेटाबेसमध्ये शिरून एका बिलाची रक्कम दुरुस्त केली होती, बदल पक्का करायचं बटण दाबलं नव्हतं आणि स्क्रीनला कुलूप लावून निघून गेलं होतं. संगणक यूपीएसवर, बंद होण्याचा प्रश्न नाही. संगणक कोणाचा, ते यादीतल्या पत्त्यावरून कळलं. हिशेबनिसांचा. डॉक्टर त्यांच्याकडे बघत होते, मी कीबोर्डकडे.

इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण तपास करणारे पुष्कळदा यावर चकतात. उघडा व्यवहार जन्मतःच मेलेल्या ओळींना अडवत नाही. त्या कोणालाच कधी दिसल्या नव्हत्या, म्हणून त्या ठेवायचं कारणही नाही. व्हॅक्यूम त्या ताबडतोब उचलतो. म्हणूनच नमुन्यांच्या टेबलाचा आकडा चढायचा आणि उतरायचा, आणि त्याच डेटाबेसमधल्या स्थितीच्या टेबलाचा फक्त चढायचा. शिवाय, नुसतं वाचून बसलेली जोडणी नेहमीच्या पद्धतीत झाडू अडवत नाही. तिने काही लिहिलेलं असावं लागतं, किंवा कर्सर उघडा ठेवलेला, किंवा सुरुवातीपासूनचं एकच चित्र धरून ठेवणारी कडक पद्धत निवडलेली. उघड्या जोडण्यांखेरीज आणखी तीन ठिकाणी मी हात घालून बघते: दुसऱ्या सर्व्हरला नक्कल पुरवण्यासाठी केलेला आणि मग विसरलेला रेप्लिकेशन स्लॉट, दोन टप्प्यांत पक्का करायचा म्हणून अर्धवट ठेवलेला व्यवहार, आणि नक्कल सर्व्हरवर चाललेली एखादी लांबलचक क्वेरी. डॉक्टरांकडे यातलं काही नव्हतं.

ती जोडणी तोडली, पुढच्या फेरीत व्हॅक्यूमने सगळं झाडलं. यादी मात्र हवी तितकी चपळ झाली नाही, आणि त्याचं कारण शोधताना मला पुण्याची आठवण होणं अपरिहार्य होतं.

२००८ च्या ८.३ आवृत्तीत 'हॉट' नावाची सुधारणा आली. हीप ओन्ली टपल्स हे तिचं पूर्ण नाव. आवृत्तीच्या अधिकृत टिपणात तिच्यापुढे नाव आहे पवन देवलसी यांचं. तेव्हा ते एंटरप्रायझडीबी या कंपनीत, पुण्यात काम करत. हे काम किती मोलाचं आहे ते पोस्टग्रेस सांभाळणाऱ्यालाच कळतं. त्याआधी ओळीतला एक शब्द बदलला तरी नव्या ओळीची नोंद टेबलावरच्या प्रत्येक इंडेक्समध्ये करावी लागे. पाच इंडेक्स असतील तर पाच. 'हॉट'मुळे दोन अटी पाळल्या की हे टळतं: बदललेला रकाना कोणत्याही इंडेक्समध्ये नसावा, आणि नव्या ओळीसाठी त्याच पानावर जागा असावी. तसं असेल तर नवी ओळ जुनीच्या शेजारी बसते, इंडेक्सला हात लागत नाही, आणि मेलेली रूपं व्हॅक्यूमची वाट न बघता, पुढे कोणी ते पान उघडलं की जाता जाता साफ होतात. २०१६ साली उबरने पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएलकडे जाताना जी कारणं जाहीर केली, त्यात एका बदलापायी अनेक इंडेक्सांत लिहावं लागतं ही तक्रार ठळक होती. त्या तक्रारीचं बरंचसं उत्तर 'हॉट'मध्ये आहे, पण त्याच्या अटी पाळल्या तरच.

डॉक्टरांच्या टेबलात कोणीतरी, यादी जलद निघावी म्हणून, 'स्थिती' या रकान्यावरच इंडेक्स बांधला होता. दिवसातून सगळ्यात जास्त बदलणारा रकाना तोच. म्हणजे प्रत्येक बदलाला 'हॉट'चं दार बंद. किती बदल या सवलतीतून गेले तेही पोस्टग्रेस मोजतं. तो आकडा जवळजवळ शून्य होता. इंडेक्स काढून टाकला. यादी आजची आणि कालचीच लागते, तिला तारखेवरचा इंडेक्स पुरतो. मग पानं पूर्ण न भरता पाचवा हिस्सा मोकळा ठेवायला सांगितलं. ही सूचना फक्त नव्याने भरल्या जाणाऱ्या पानांना लागू होते, त्यामुळे फरक हळूहळू दिसला. आणखी एक सापडलं: स्क्रीनवर 'सेव्ह' दाबलं की काही बदललं नसलं तरी अॅप तीच ओळ पुन्हा लिहायचं. पोस्टग्रेस बिचारं तक्रार न करता तशीच्या तशी नवी ओळ लिहितं आणि जुनीला मारतं. ते अॅपमध्येच थांबवलं.

सॉफ्टवेअरवाल्या पोराला या सगळ्याआधी 'व्हॅक्यूम फुल' चालवायची घाई झाली होती. ती म्हणजे सातबाऱ्याचं पुनर्लेखन. तलाठी दर दहा वर्षांनी कंसातली नावं वगळून नवा उतारा लिहीत तसं, टेबल संपूर्ण नव्याने लिहिलं जातं. जागा मोकळी होते हे खरं, पण ते चालू असेपर्यंत टेबलाला कोणी हात लावू शकत नाही, वाचायलाही नाही. सकाळी रक्त द्यायला माणसं रांगेत असताना ही गंमत कोणी करू नये. शिवाय कारण तसंच ठेवून टेबल स्वच्छ केलं तर महिन्याभरात पुन्हा तेच. मी ती शेवटी एका रविवारी रात्री चालवली, कारणं मिटल्यावर.

झाडलोट अडू देण्याची किंमत नुसती मंदपणाचीच असते असंही नाही. पोस्टग्रेसचा व्यवहार क्रमांक बत्तीस बिटांचा, म्हणजे सुमारे चार अब्ज आकड्यांचं चक्र. त्यातले मागचे दोन अब्ज 'जुने' धरले जातात. जुन्या ओळींवर वेळेत शिक्का मारून त्या 'गोठवणं' हेही व्हॅक्यूमचंच काम. ते राहून गेलं आणि चक्र संपत आलं, तर डेटा बिघडू नये म्हणून पोस्टग्रेस नवं काही लिहायलाच नकार देतं. २०१५ च्या जुलैमध्ये सेंट्री ही सेवा आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मेलचिंपची मँड्रिल ही सेवा याच कारणाने बंद पडल्या होत्या. दोन्ही कंपन्यांनी काय झालं ते स्वतःच सविस्तर लिहून जाहीर केलं, हे मला आवडतं.

टिटवाळ्याची मुलगी तिथेच आहे. तिला या प्रकरणातलं किती कळलं मला माहीत नाही. डॉक्टरांनी तिला नवा राउटर बसवून दिला, कारण सांगितलं नाही.

तुमच्या दवाखान्याचं, क्लासचं, पतपेढीचं काम पोस्टग्रेसवर चालत असेल, तर सॉफ्टवेअरवाल्याकडून दोन गोष्टी करून घ्या. आकडे जुळत नाहीत म्हणून माणसावर संशय घेण्याआधी त्या टेबलाचा डिलीटचा आकडा आणि एररचा लॉग समोर आणायला सांगा. दोन्हीला मिळून दहा मिनिटं लागतात. आणि उघडा टाकलेला व्यवहार ठरावीक वेळाने आपोआप तोडण्याची जी सोय आहे, ती चालू आहे का ते विचारा. २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून ही सोय आहे. मुळात तिचा आकडा शून्य असतो, म्हणजे मर्यादाच नाही; तो आपण बसवावा लागतो. डॉक्टरांकडे मी दहा मिनिटं ठेवलाय.